वाडी सोडा म्हणतात तेव्हा: कोकणातल्या स्थलांतराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे अर्ध्यावर आला की आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते आणि गणपती होईपर्यंत थांबत नाही. दरडीखालच्या वाड्यांतले लोक विचारतात, खाडीकाठचे विचारतात, मुंबईतले चाकरमानी तर सगळ्यात जास्त विचारतात. हल्ली शिमग्याच्या आसपास वणव्याबद्दलही विचारणा होते. दरड, पूर, वादळ किंवा वणव्यात घर सोडण्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. घर सोडायचा आदेश नक्की कोण देतं? सरपंचांनी तोंडी सांगितलं तर तो आदेश धरायचा का?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. धोक्याच्या भागातली ये-जा रोखणं, रस्ता बंद करणं, लोकांना हलवून निवारा आणि जेवणाची सोय करणं हे त्यांचं काम. त्यांच्याकडून ते प्रांत आणि तहसीलदारांमार्फत खाली येतं.

पण तुमच्या खळ्यात जिल्हाधिकारी येत नाहीत. येतात ते पोलीस पाटील, सरपंच, ग्रामसेवक, कोतवाल नाहीतर तलाठी (२०२४ पासून तलाठ्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, वाडीत अजून सगळे तलाठीच म्हणतात). यांच्यापैकी कोणी दारात येऊन ‘आत्ता निघा’ म्हणालं की तो आदेशच धरा. कागद दाखवा म्हणून अडून बसू नका. मुसळधार पावसात काळोखातून कोणी सही-शिक्क्याचा कागद घेऊन फिरत नाही.

२. आम्हाला कळणार कसं? आमच्या वाडीत रेंजच नसते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही जरा लांब आहे.

मोबाइलवर दोन प्रकारे कळतं. एक म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. टॉवरच्या टप्प्यातल्या, ही सोय असलेल्या सगळ्या फोनवर एकदम मोठा कर्कश आवाज होतो आणि पडद्यावर संदेश येतो. त्याला इंटरनेट लागत नाही. २०२३ मध्ये देशभर याच्या चाचण्या झाल्या तेव्हा अनेकांनी दचकून फोन बंद केले आणि काहींनी सेटिंगमध्ये जाऊन ती सोयच बंद करून टाकली. आपला फोन एकदा तपासा, ‘इमर्जन्सी अलर्ट’ चालू असू दे. दुसरं म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप. आपला जिल्हा निवडला की त्या भागापुरते इशारे मराठीतही मिळतात. विजांसाठी ‘दामिनी’ वेगळं.

पण फोनवर विसंबून राहू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात वीज आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस गायब होते. वादळाआधीचा निरोप फोनवर मिळेल, नंतरचा मिळेलच असं नाही.

म्हणून जुनी साधनं मोडीत काढू नका. नगरपालिकेचा भोंगा, गावातली दवंडी, रिक्षावरचा लाऊडस्पीकर, देवळाची घंटा, मशिदीवरचा भोंगा, हे सगळं अजून कामाला येतं. बंदरावर तीन नंबरचा (वादळी हवेच्या इशाऱ्याचा) बावटा लागला की काय समजायचं ते कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. रेंज नसलेल्या वाड्यांनी पावसाळ्याआधी एवढं ठरवावं: ज्या घरात किंवा ज्या टेपावर रेंज मिळते तिथला एक माणूस रात्री फोन जवळ घेऊन झोपेल, आणि निरोप आला तर तो कोणाकोणाची दारं ठोठावेल. एकाने वीस घरं करायची नाहीत. त्याने दोन घरं करायची, त्या दोघांनी पुढची दोन दोन.

फोन लागत असेल तर जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७० आणि तातडीच्या मदतीला ११२. मुंबईच्या नंबरवरून १०७७ लावला तर तो तुमच्या गावच्या जिल्ह्यात लागेलच असं नाही. त्यामुळे जिल्हा आणि तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाचा पूर्ण दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवा, भिंतीवर, खडूने.

३. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला म्हणजे घर सोडायचं का?

नाही. हवामान खात्याचे रंग आणि घर सोडण्याचा आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग पूर्ण जिल्ह्यासाठी असतो, आदेश एखाद्या वाडीपुरताही असू शकतो. खात्याच्या मोजणीत २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. कोकणात जुलैमध्ये हे आकडे नवलाचे नाहीत, म्हणूनच ‘रेड अलर्ट तर रोजच असतो’ असं म्हणून लोक सोडून देतात.

रेड अलर्टच्या दिवशी तुमच्या डोंगरावर किती पडतोय ते स्वतः मोजा. सरळ उभ्या कडांचं पिंप किंवा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी रिकामा करा. आत वीतभर पाणी साठलं म्हणजे २०० मिलिमीटरच्या पुढे गेलात. दरडीखाली किंवा नदीकाठी राहणाऱ्याने डबा भरायची वाट पाहू नये, अर्ध्या वितेलाच बॅग दारात आणून ठेवावी.

४. आमच्या वाडीला दरवर्षी जूनमध्ये स्थलांतराची नोटीस येते. आम्ही सही करतो आणि घरीच राहतो. काही होत नाही. मग ती मनावर का घ्यायची?

हे स्पष्टच बोलायला हवं. ‘आपण दरडप्रवण क्षेत्रात राहत असून अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित ठिकाणी स्थलांतरित व्हावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपली राहील’ अशा अर्थाचा कागद हा हंगामी इशारा आहे. चार महिने कुठे जायचं ते त्यात नसतं. भातलावणी तोंडावर असताना चार महिने शेत, गुरं आणि चूल सोडून कोणी जाणार नाही, हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. त्यामुळे तो कागद घड्याळामागे जातो.

खरं नुकसान पुढे होतं. जूनच्या कागदाची सवय झाली की जुलैमधल्या एखाद्या रात्रीचा खरा आदेशही त्याच कागदासारखा वाटतो. दोन्हींतला फरक ओळखा. हंगामी नोटीस तारीख-वार न पाहता येते आणि पूर्ण पावसाळ्यासाठी असते. खरा आदेश ‘आज’, ‘संध्याकाळच्या आत’, ‘अमुक शाळेत’ असं बोलतो. त्यात वेळ आणि ठिकाण असतं, आणि बहुतेक वेळा गाडीही पाठवलेली असते.

जूनची नोटीस हातात पडली की ती देणाऱ्यालाच तीन प्रश्न विचारा. जोराचा पाऊस लागला तर आम्हाला कोण सांगणार? आम्ही कुठे जायचं? तिथे संडास, पाणी आणि दिवा आहे का? उत्तरं नसतील तर ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. नोटिशीवरची सही ही ती मिळाल्याची पोच असते. घरावरचा किंवा जागेवरचा हक्क त्याने जात नाही, ही भीती बऱ्याच जणांना असते म्हणून सांगतो.

५. आमची वाडी धोक्याच्या यादीत नाही. म्हणजे आम्ही सुरक्षित ना?

इर्शाळवाडीही यादीत नव्हती. खालापूर तालुक्यातली ही ठाकूर समाजाची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे डोंगर चढून पायी गेले. आधी २५-२६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गाडलं गेलं, ८० हून अधिक माणसं गेली, आणि महाडच्या पुराने रस्ते अडल्यामुळे बचाव पथकं दुसऱ्या दिवशी पोचली.

यादीवर डोळे ठेवण्यापेक्षा डोंगरावर ठेवा. वरच्या सड्यावर नवी भेग दिसली, जुनी भेग रुंदावली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, जोत्याला तडे गेले, दारं-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या, कधी नव्हता तिथे झरा फुटला, नितळ झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर थांबू नका. यातलं सर्वात फसवं लक्षण म्हणजे धो-धो पाऊस चालू असताना वहाळाचं पाणी अचानक कमी होणं. लोकांना वाटतं पाणी ओसरलं. वर कुठेतरी माती-दगडांनी प्रवाह अडलेला असू शकतो आणि तो फुटतो तेव्हा सगळं घेऊन खाली येतो.

धरणाखालच्या वाड्यांनाही हेच लागू आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. धरणाला गळती असल्याचं गावकऱ्यांनी आधी सांगितलेलं होतं. भिंतीतून गळणारं पाणी मातकट होऊ लागलं तर कोणाच्या पत्राची वाट बघू नका.

६. व्हॉट्सॲपवर ‘धरण फुटलं, पळा’ असे मेसेज येतात. खरे कसे ओळखायचे?

कोणाच्या नावाने आहे, तारीख-वेळ आहे का आणि गावाचं नाव आहे का, हे आधी पाहा. ‘कोकणवासीयांनो सावध’ असं मोघम असेल आणि खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असेल तर तो तिथेच थांबवा. मग १०७७ ला किंवा पोलीस पाटलांना फोन. आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवणाऱ्याला त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. गेल्या वर्षीच्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून पुढे ढकलणाऱ्या भाऊजींना हे कलम एकदा पाठवून द्या.

खातरजमा करायला वेळ नसेल आणि तुम्ही खरोखर धरणाखाली किंवा दरडीखाली असाल, तर आधी वर सरका, मग फोन करा. खोट्या निरोपावर तासभर शाळेत बसून आलात तर पाय भिजतील, एवढंच.

७. नदीकाठी बाजारपेठेत राहतो. भोंगा वाजला की किती वेळ मिळतो?

नदीप्रमाणे आणि भरतीप्रमाणे वेगळा. खेडला जगबुडी नदीची इशारा पातळी ५ मीटर आहे, धोका पातळी ७ मीटर. भोंगा धोका पातळीला वाजला तर तुमच्या दुकानाचा उंबरा तिथून किती वर आहे, हे आधीच माहीत हवं. राजापूरकरांना जवाहर चौकात पाणी आलं की पुढचा हिशोब कळतो, तसा प्रत्येक गावाचा आपला एक खांब किंवा पायरी असते.

भरतीचा हिशोब मात्र विसरला जातो. समुद्राला भरती असली की नदीचं पाणी खाडीत उतरत नाही, मागे तुंबतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात आणखी. चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना पाणी किती झरझर चढतं ते सांगायला नको. पहिला मजला बुडेल असं न वाटल्यामुळे माणसं वर अडकली आणि बोटींची वाट पाहत बसली.

माल वर चढवायचा तो इशारा पातळीला. धोका पातळीला फक्त माणसांनी निघायचं. मीटरचा मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला, आणि पाण्यातून गाडी काढायचा हट्ट नाही.

८. आदेश आलेला नाही, पण आम्हाला भीती वाटते. आपणहून निघालो तर लोक हसतात.

हसू देत. उजेड आहे तोवर निघा, हा आमचा एकच हट्ट आहे. इर्शाळवाडी रात्रीची, तिवरे रात्रीचं. काळोखात शेवाळलेली पाखाडी उतरणं, साकवावरून पोरं नेणं, म्हाताऱ्या माणसाला पाठीवर घेणं या सगळ्यात धोका वाढतो. म्हणून पावसाने दिवसभर उसंत दिली नसेल आणि प्रश्न ५ मधलं एखादं लक्षण दिसत असेल, तर संध्याकाळी पाचच्या सुमारास ठरवून टाकायचं: आज रात्री झोपायचं कुठे?

सगळं घर हलवायची गरज नाही. दरडीखालच्या काही कुटुंबांनी जोरदार पावसाच्या रात्री फक्त झोपायला खालच्या आळीत जायचं आणि सकाळी गुरांच्या धारा काढायला परत यायचं, असा रिवाज पाडलाय. सरकारी भाषेत त्याला तात्पुरतं स्थलांतर म्हणतात, वाडीत ‘वस्तीला जाणं’. हे चार महिने जमतं, कारण ते फक्त वाईट रात्रींपुरतं असतं.

९. जायचं कुठे? शाळेतच का?

पहिली पसंती धोक्याबाहेरच्या नातेवाइकाचं घर. पोरं रडत नाहीत, म्हाताऱ्यांना संडास सोपा पडतो. ते नसेल तर जिल्हा परिषदेची शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह. किनारपट्टीवर काही ठिकाणी बहुउद्देशीय चक्रीवादळ निवारा केंद्रं आहेत, तुमच्या जवळचं कुठलं ते तहसील कार्यालय सांगेल.

शाळा निवडताना शाळेच्या मागे काय आहे ते पाहा. आपल्याकडे शाळांना जागा मिळाली ती बरेचदा डोंगर खणून. शाळेच्याच पाठीला उभी कापलेली दरड असेल तर तिथे जाणं म्हणजे एका दरडीखालून दुसऱ्या दरडीखाली. वादळासाठी सिमेंटच्या पत्र्याची शाळाही नको, स्लॅबची हवी.

१०. बरोबर काय घ्यायचं?

औषधं (बीपी-साखरेची निदान आठवड्याची), आधार, रेशनकार्ड, सातबारा आणि बँक पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॅटरी, चार्जर, सुके कपडे, पाणी, लहान मूल असेल तर त्याचं खाणं, थोडी रोकड. सोनं अंगावर घालून निघू नका, पिशवीत ठेवा. कागदांचे फोटो काढून मुंबईतल्या मुलाला पाठवून ठेवा, म्हणजे पिशवी भिजली तरी काम अडत नाही.

११. गुरांचं काय? गाय सोडून कसं जाणार?

माणसं मागे राहतात त्याचं सर्वात मोठं कारण गोठा. त्यामुळे ‘जनावरांचा विचार करू नका’ असं सांगून उपयोग नसतो. दिवसा निघत असाल तर गुरं आधी हलवा, पावसाळ्यापुरता कोणाचा तरी सुरक्षित जागेतला वाडा (गोठा) ठरवून ठेवा. अचानक निघायची वेळ आली तर दावी सोडा आणि गोठ्याचं दार उघडं टाका. बांधलेलं जनावर बुडतं किंवा गाडलं जातं, मोकळं जनावर बरेचदा आपली वाट काढतं. गाठ सुटत नसेल तर दावं कापा. कोयती गोठ्यातच अडकवलेली असावी. कोंबड्यांची खुराडी उघडा. कुत्रा तुमच्या मागे येतोच, मांजर येत नाही, तिच्यासाठी परत फिरू नका.

१२. मी मुंबईत, आईवडील गावी. ते घर सोडायला तयार नाहीत. फोनवर भांडण होतं.

बाबा म्हणतात, ‘आमच्या आज्याच्या वेळेपासून इथे काही झालं नाही.’ ते खरंही असतं. पण आज्याच्या वेळी वरच्या डोंगरात जेसीबीने कापलेला रस्ता नव्हता आणि उतारावरची झाडं उभी होती. हा मुद्दा त्यांना पटतो, कारण तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

फोनवर रात्री अकराला आदेश काढू नका. मे महिन्यात गावी याल तेव्हा समोर बसून दोन गोष्टी ठरवा: कुठल्या घरी जायचं, आणि कोणी सांगितलं की जायचं. ‘मुलगा म्हणाला’ म्हणून वडील उठणार नाहीत, ‘शेजारचा बाळा दारात आला’ म्हणून उठतील. त्या बाळाशी आधी बोलून ठेवा आणि त्याच्याकडे रिचार्जचे व पेट्रोलचे पैसे देऊन ठेवा. आईला ‘तुझ्या औषधांसाठी’ म्हटलं तर ती लवकर तयार होते. ‘धोका’ शब्दाने तिला घराचीच काळजी लागते. जागा सोडून दुसऱ्याच्या दारात झोपायची लाज हेही एक कारण असतं, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. ज्यांच्याकडे जायचं त्यांनी मे महिन्यातच येऊन आमंत्रण दिलं तर निम्मं काम होतं.

अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर ते ग्रामपंचायतीत आणि आशाताईंकडे नोंदवून ठेवा. त्यांना सगळ्यांच्या आधी हलवायचं असतं, आदेशाच्या वेळी नव्हे.

१३. आदेश आला आणि आम्ही गेलोच नाही, तर गुन्हा होतो का?

होऊ शकतो. त्याच २००५ च्या आपत्ती कायद्याच्या कलम ५१ खाली अधिकाऱ्याचा निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि त्यामुळे जीवितहानी झाली किंवा तसा धोका उभा राहिला तर दोन वर्षांपर्यंत. मात्र कलमाची धाक दाखवून वाडी रिकामी होत नाही. होते ती पोलीस पाटलाच्या ओळखीवर. रिकाम्या घरात चोरी होईल ही शंका असेल तर वाडीतल्या दोन तरुणांची गस्त सुरक्षित जागेवरून ठेवता येईल का, ते पोलिसांना विचारा. दरडीखाली पहारा देत बसणं मात्र नको.

१४. वणवा पेटला तर वाडी खाली करायचा आदेश येतो का?

कोकणात वणव्यासाठी असा आदेश येईल, गाड्या येतील, ही अपेक्षाच ठेवू नका. दरड-पुरासाठी जी साखळी उभी राहिलीय ती वणव्यासाठी नाही. पहिला इशारा म्हणजे धुराचा वास, दुसरा म्हणजे शेजाऱ्याची हाक. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान खाजगी मालकीचं, त्यामुळे वन विभागाची माणसं जवळ असतीलच असंही नाही. तरी वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, अग्निशमनाला १०१ आणि काही न सुचल्यास ११२. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे एसएमएस देतं, त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही नाव नोंदवता येतं. पण उपग्रह तुमच्या डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो. दुपारी दोनला लागलेली आग काजूच्या बागेत पोचल्यावर तो मेसेज आला तर नवल नाही.

फेब्रुवारी ते मे हा हंगाम. कारणं आपलीच: हाताबाहेर गेलेली भाजावळ (शेत भाजण्यासाठी लावलेली आग), विडीचं थोटूक, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने लावलेली काडी, विजेच्या तारांच्या ठिणग्या. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि आग चढावर उतारापेक्षा वेगाने धावते. म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या उताराच्या माथ्यावर घर असेल तर दुपारचा धूर हलक्यात घेऊ नका.

घर सोडायची वेळ कधी? धूर घराकडे येतोय, मधलं गवत वाळलेलं आहे आणि घराला लागून भाताची उडवी किंवा लाकूडफाटा आहे, एवढं जमलं तर म्हातारे-पोरं आणि गुरं लगेच बाहेर. वर पळू नका, आगीच्या बाजूने आडवे जाऊन खाली किंवा रस्त्याला लागा. नांगरलेलं शेत, गवत नसलेला उघडा कातळ, नदीचं पात्र किंवा आधीच जळून गेलेली जमीन ही आसऱ्याची जागा. अंगात सुती कपडे असू देत, नायलॉनची साडी किंवा ट्रॅक पँट नको. सिलिंडर बंद करा.

१५. पण हापूसची बाग डोळ्यांदेखत जळू द्यायची का?

ओल्या डहाळ्यांनी गवताची आग झोडपून विझवतात, ते अनेक गावांना जमतं. मर्यादा एवढीच: ज्वाळा कमरेच्या वर असतील, किंवा आग तुमच्या खालच्या बाजूला असेल, तर मागे फिरा. एकट्याने जाऊ नका. समोरून प्रतिआग लावणं फक्त जाणत्या माणसाच्या हातात द्या, वारा फिरला तर दुसरी बाग तुमच्या नावावर जळते. बाग वाचवायचं खरं काम जानेवारीत असतं: बांधालगत गवत काढून जाळरेषा मोकळी ठेवणं आणि उडवी घरापासून लांब रचणं. भाजावळ करायची तर पहाटे, वारा नसताना, पाण्याची घागर आणि दोन माणसं बरोबर घेऊन, शेजाऱ्याला सांगून.

१६. मुलगी कॅलिफोर्नियात आहे. तिच्याकडे वणव्यात ‘वॉर्निंग’ आणि ‘ऑर्डर’ असं वेगवेगळं येतं. म्हणजे काय?

तिथे भाग क्रमांकांनी वाटलेले असतात. वॉर्निंग म्हणजे तयार राहा, आणि ज्यांना वेळ लागतो त्यांनी, म्हणजे म्हातारे, लहान मुलं, जनावरंवाले यांनी आत्ताच निघा. ऑर्डर म्हणजे लगेच निघा, भाग बंद होतोय. तिला विचारा, ‘तुझ्या घराचा भाग क्रमांक काय?’ तो तोंडपाठ हवा.

तिथेही यंत्रणा चुकते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या लोकांना वाटतं परदेशात सगळं बिनचूक. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ईटनची आग लागली तेव्हा अल्टाडेना गावाच्या पश्चिम भागाला ऑर्डर आग लागून कित्येक तास झाल्यावर मिळाली, आणि तिथले बहुतेक बळी त्याच भागातले होते. दोनच दिवसांनी पूर्ण काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) चुकून वॉर्निंगचा संदेश गेला. हवाईतल्या लाहायना गावात ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत शंभरावर माणसं गेली. तिथे किनाऱ्यावर भोंगे होते, पण वाजवले नाहीत. भोंगा म्हणजे त्सुनामी असं समजून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळतील, अशी भीती अधिकाऱ्यांनी सांगितली. आपल्याकडेही भोंगा नक्की कशासाठी वाजतो हे गावाला माहीत असलं पाहिजे. पुराचा, आगीचा आणि दुपारी बाराचा एकच सूर असेल तर नगरपालिकेकडे वेगळ्या सुराची मागणी करा.

१७. वादळात वारा एकदम पडला. आता घरी जायला हरकत नाही ना?

आहे. मोठ्या चक्रीवादळाचा मधला भाग, ज्याला डोळा म्हणतात, तो डोक्यावर आला तर वारा पडतो, कधी कधी ऊनही दिसतं. मग उलट्या दिशेने तितकाच जोराचा वारा येतो आणि आधी हललेली कौलं, झाडं आणि खांब त्यात पडतात. रेडिओवर किंवा प्रशासनाकडून ‘वादळ पुढे गेलं’ असं कळेपर्यंत आतच राहा.

पूर किंवा दरडीनंतर परतण्याचा निर्णयही असाच. पाऊस उघडला म्हणजे डोंगर सुकला असं नाही, आत मुरलेलं पाणी नंतरही माती ढिली करत राहतं. प्रश्न ५ मधली लक्षणं दिवसाउजेडी पाहून मगच राहायला जा. घरात आधी वायरमनने बघावं, मग दिवे लावावेत. विहिरीचं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

१८. घर सोडून गेल्यामुळे भरपाई बुडते का?

नाही. पंचनामा नुकसानीचा होतो, तुम्ही त्या वेळी घरात होता की नाही याचा नाही. जाण्यापूर्वी घराचे, गोठ्याचे आणि बागेचे फोटो काढून ठेवा. परतल्यावर साफसफाईच्या आधी पुन्हा फोटो काढा आणि मग तलाठ्यांना कळवा. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत माणूस गेल्यास वारसाला ४ लाख रुपये, म्हैस किंवा गाय अशा मोठ्या दुधाळ जनावराला ३७,५०० रुपये अशी मदत आहे. राज्य सरकार त्यात वेळोवेळी भर घालतं, म्हणून आकडे तहसीलमध्ये विचारून घ्या. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दाखला आणि पंचनामा करून घ्या, नंतर काही सिद्ध होत नाही. खोटा दावा केल्यास २००५ च्या आपत्ती कायद्याच्या कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

१९. आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांना कधी सांगायचं?

आदेशाच्या आधी. त्यांना घाट ठाऊक नसतात. परशुराम किंवा वरंध घाट बंद झाला की ते तुमच्याच पडवीत अडकतात आणि मग त्यांची जबाबदारीही तुमचीच. वादळाचा इशारा लागला त्याच दिवशी पैसे परत करून पाठवून द्या.

२०. घरात गणपती बसलेले आहेत आणि घर सोडायला सांगितलं तर?

हा प्रश्न दर भाद्रपदात येतो आणि विचारणाऱ्याला लाज वाटत असते. वाटायला नको. वेळ असेल तर उत्तरपूजा करून आधीच विसर्जन करतात. नदीला पूर असेल तर पात्रात उतरू नका, अंगणातल्या पिंपात करा. वेळ नसेल तर देवाला नमस्कार करून, समई विझवून निघा. पेटती समई बंद घरात ठेवू नका. राहिलेलं परत आल्यावर करता येतं, आणि शंका उरली तर भटजींना विचारा. बहुतेक भटजी हेच सांगतील, कारण त्यांचंही घर त्याच वाडीत असतं.

२१. कायमचं पुनर्वसन मागितलं तर मिळतं का? तोवर काय?

मागायचं तर एकट्या घराने मागू नका. वाडीने ग्रामसभेचा ठराव करून तो तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, सोबत भेगांचे तारखेसह फोटो जोडावेत आणि भूवैज्ञानिक पाहणीची मागणी करावी. पाहणीचा अहवाल आला की त्याची प्रत मागून घ्या. माहिती अधिकारात ती मिळते. नवी जागा पाहायला बोलावतील तेव्हा बायकांना नक्की घेऊन जा. पाणी किती लांब, लाकूडफाटा कुठून, गोठ्याला जागा आहे का हे त्या पहिल्या फेरीत विचारतात. गोठ्याला जागा नसलेल्या वसाहतीत माणसं राहत नाहीत, जुन्या वाडीकडे परततात, आणि मग पुन्हा जूनची नोटीस येते. जागेची प्रक्रिया वर्षानुवर्षं चालते. तोवर प्रश्न २ मधली दारं ठोठावण्याची साखळी आणि प्रश्न ८ मधलं ‘वस्तीला जाणं’ चालू ठेवा.